भंडाऱ्याची उधळण कोडेकला का जड जाते

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावरून खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानासाठी निघते, तेव्हा पायऱ्यांवर आणि दीपमाळांभोवती भंडाऱ्याची अशी उधळण होते की काही क्षण हातभर अंतरावरचा माणूसही दिसेनासा होतो. हा सोहळा मोबाइलवर टिपणाऱ्या अनेकांना एक अनुभव येतो. मूळ मोबाइलवर बऱ्यापैकी दिसणारे चित्रण मेसेजमधून दुसऱ्याला पाठवले की पालखीजवळच्या माणसांचे चेहरे मेणाचे असल्यासारखे गुळगुळीत होतात, हवेतल्या भंडाऱ्याचे लहान लहान चौकोन दिसू लागतात आणि हळदीचा तो झळझळीत पिवळा रंग कडेकडेने ओघळल्यासारखा वाटतो. त्याच मोबाइलने, त्याच रिझोल्यूशनवर, एखाद्या व्याख्यानमालेतील वक्त्याचे अर्ध्या तासाचे चित्रण केले आणि त्याच मार्गाने पाठवले, तर ते मात्र स्वच्छ दिसते. दोन्ही चित्रणांना मिळालेली वागणूक सारखीच असताना परिणाम इतका वेगळा का होतो, हे समजून घेतले तर व्हिडिओ कोडेक नावाची गोष्ट नेमके काय करते, हेही बरेचसे उलगडते.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. आज सर्वसाधारण समजल्या जाणाऱ्या १०८० रिझोल्यूशनच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे चित्रणातल्या एका स्थिर चित्रात, १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल (रंगाचे ठिपके) असतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी २४ बिट, म्हणजे तीन बाइट धरले तर एक फ्रेम ६.२ एमबीची होते आणि सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने एका मिनिटाला सुमारे ११ जीबी जागा लागते. प्रत्यक्षात मात्र आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेले असते की याच रिझोल्यूशनचे एक मिनिटाचे चित्रण जुन्या पद्धतीने साठवल्यास सुमारे १३० एमबी आणि नव्या पद्धतीने साठवल्यास सुमारे ६० एमबी जागा घेईल. अकरा जीबीचे साठ एमबी होतात, म्हणजे जवळजवळ १८५ भागांपैकी एकच भाग उरतो, आणि तरीही चित्र डोळ्यांना पुरेसे खरे वाटते. पिक्सेलमागे २४ बिट खर्च करायचे त्याऐवजी सरासरी एका बिटाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात काम भागवले जाते. हे काम करणाऱ्या नियमांच्या संचाला कोडेक म्हणतात. चित्र लहान करून लिहिणे आणि लिहिलेले पुन्हा उलगडून दाखवणे या दोन्ही क्रियांना मिळून हे नाव आहे.

येथे एक गल्लत आधीच दूर केलेली बरी. फाइलच्या नावापुढे दिसणारे ‘एमपी४’ किंवा ‘एमकेव्ही’ हा कोडेक नसून डबा आहे. त्या डब्यात चित्र, आवाज आणि उपशीर्षके एकत्र ठेवलेली असतात. आतले चित्र एच.२६४ या कोडेकने लिहिलेले असू शकते, एच.२६५ ने किंवा एव्ही१ नेही. त्यामुळे दोन्ही फाइली एमपी४ आहेत, मग एक टीव्हीवर चालते आणि दुसरी का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा डबा उघडल्यावरच मिळते.

कोडेक एवढी जागा वाचवतो ती मुख्यतः एका निरीक्षणाच्या बळावर: एका फ्रेममधले बहुतेक चित्र तिच्या आधीच्या फ्रेममध्ये येऊन गेलेले असते. व्याख्यान देणारा वक्ता घ्या. त्याच्यामागचा पडदा, समोरचे मेज, मेजावरचा पाण्याचा पेला यांत तासभर काहीही बदलत नाही. ओठ, हात आणि मान तेवढी हलते. म्हणून कोडेक काही सेकंदांतून एकदाच संपूर्ण फ्रेम लिहितो आणि मधल्या फ्रेमसाठी केवळ सूचना लिहितो. फ्रेमचे चौकोनी तुकडे पाडले जातात. एच.२६४ मध्ये असा मूळ तुकडा १६ बाय १६ पिक्सेलचा असतो. प्रत्येक तुकड्यासाठी आधीच्या, आणि काही वेळा पुढच्याही, फ्रेममध्ये त्याच्यासारखा दुसरा तुकडा शोधला जातो. तो सापडला की ‘तिथला तुकडा उचल आणि पाच पिक्सेल उजवीकडे, दोन पिक्सेल खाली ठेव’ एवढेच लिहिले जाते. हा सरकवण्याचा हिशेब पाव पिक्सेलच्या बारकाईने करता येतो. सरकवलेला तुकडा आणि खरा तुकडा यांत काही फरक उरतोच, तो उरलेला फरक वेगळा लिहिला जातो. वक्त्याच्या मागच्या पडद्याच्या बाबतीत हा फरक जवळजवळ शून्य असतो आणि त्या तुकड्यासाठी ‘आधीचेच ठेव’ एवढी सूचना पुरते, जिला एखाद्या बिटाहूनही कमी जागा लागू शकते.

आता भंडाऱ्याकडे वळू. मुठीतून सुटलेली हळद एकाच वेळी शेकडो दिशांना जाते, पसरताना विरळ होते, वाऱ्याने वळते, उन्हात चमकते आणि सावलीत गेली की काळवंडते. शिवाय ती अर्धपारदर्शक असते, म्हणजे तिच्यामागचा चेहरा थोडा दिसतो आणि थोडा झाकला जातो, आणि हे प्रमाणही क्षणाक्षणाला बदलते. कोडेकची सगळी मदार ‘हा तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता’ या प्रश्नावर असते आणि भंडाऱ्याच्या तुकड्यापुरते त्याचे खरे उत्तर ‘कुठेच नव्हता’ असे असते. एक तुकडा म्हणजे एक वस्तू आणि तिची एकच चाल, हे गृहीतकच इथे मोडते, कारण त्या चौकोनात पुढे वर जाणारी हळद असते, मागे खाली वाकलेला माणूस असतो आणि त्याच्याही मागे स्थिर दगडी भिंत असते. जवळात जवळचा तुकडा निवडूनही उरलेला फरक मोठाच राहतो. पाऊस, धबधबा, लग्नात उडवलेले कागदाचे रंगीत कपटे, मिरवणुकीतला गुलाल, वाऱ्याने हलणारे गवत या सगळ्यांची अडचण हीच आहे.

हा उरलेला फरक कोडेक कसा लिहितो, हा या विषयाचा गाभा आहे, कारण चित्राचा दर्जा बिघडतो तो बहुतांशी याच टप्प्यावर. इथे वापरले जाणारे गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. छायाचित्रांची जेपेग फाइल, व्हिडिओ सीडी, डीव्हीडी, डिश टीव्ही, आजचे ऑनलाइन व्हिडिओ या सर्वांच्या पोटात हेच गणित किंवा त्याची जवळची रूपे आहेत, आणि एवढ्या घरांत रोज वापरल्या जाणाऱ्या या शोधामागची तिन्ही नावे आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसावीत याची मला मनापासून खंत वाटते.

गणिताचे सूत्र बाजूला ठेवून त्याचा अर्थ असा सांगता येईल. या गणितासाठी तुकड्याचे आणखी लहान चौकोन पाडले जातात. आठ बाय आठच्या अशा चौकोनात ६४ पिक्सेल असतात, म्हणजे उजेडाच्या ६४ पातळ्या असतात. हे ६४ आकडे या गणितातून गेले की दुसरे ६४ आकडे मिळतात. त्यांतला पहिला आकडा त्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे काही आकडे उजेड संथपणे कसा बदलतो ते सांगतात आणि शेवटचे आकडे अगदी बारीक, खरबरीत तपशील सांगतात. गाण्यात मंद्र, मध्य आणि तार सप्तकांतला प्रत्येक स्वर किती जोराने लागला याची वेगवेगळी नोंद ठेवावी, तशी ही चित्राची नोंद असते. भिंत, आकाश, गाल यांसारख्या भागांत पहिल्या काही आकड्यांतच सगळा मजकूर सामावतो आणि उरलेले आकडे शून्याच्या आसपास असतात. येथपर्यंत तत्त्वतः काहीही गमावलेले नसते, उलटे गणित करून मूळचे ६४ आकडे परत मिळवता येतात.

गमावणे सुरू होते ते पुढच्या पायरीवर. कोडेक एक भाजक ठरवतो, प्रत्येक आकड्याला त्याने भागतो आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात लिहितो. समजा भाजक १० आहे. मूळ आकडा ४७ असेल तर ५ लिहिले जातात आणि उलगडताना ५० मिळतात, १८ असेल तर २ लिहिले जातात आणि २० मिळतात, ४ असेल तर शून्य लिहिले जाते आणि शून्यच परत येते. आता भाजक ४० करू. ४७ चे होतात १ आणि परत मिळतात ४०, तर १८ चे होते शून्य. आकडे लहान झाले, शून्ये वाढली आणि शून्यांच्या रांगा अत्यंत थोड्या जागेत लिहिता येतात, म्हणून फाइल लहान झाली. पण त्या अठरामध्ये जो तपशील होता तो आता फाइलमध्ये कुठेही नाही आणि कोणतेही सॉफ्टवेअर तो तिथून परत काढू शकत नाही. ‘दर्जा’ या नावाने आपण जी कळ फिरवतो ती शेवटी हा भाजक कमी-जास्त करते. एच.२६४ मध्ये भाजकाच्या ० ते ५१ अशा पायऱ्या आहेत आणि दर सहा पायऱ्यांनी भाजक दुप्पट होतो.

आता जेजुरीच्या चित्रणाचे काय होते ते पाहू. मेसेजिंग ॲप असो वा थेट प्रक्षेपण, सेकंदाला अमुक एवढेच बिट, अशी मर्यादा ठरलेली असते. तिला बिटरेट म्हणतात. वक्त्याचे चित्रण त्या मर्यादेत सहज मावते, कारण तिथे लिहिण्यासारखेच थोडे असते. भंडाऱ्याच्या चित्रणात मागच्या फ्रेमचा आधार मिळत नाही, उरलेला फरक मोठा असतो आणि तो बारीक, खरबरीत तपशिलांनी भरलेला असल्याने ६४ पैकी बरेचसे आकडे मोठे असतात. मर्यादा पाळण्यासाठी कोडेककडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे भाजक वाढवणे. भाजक वाढला की आधी बळी जातो तो मंद फरकांचा. हळदीच्या धुक्याआड असलेल्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, भुवया, डोळ्यांच्या कडा यांचा आजूबाजूच्या रंगाशी असलेला फरक मुळातच थोडा असतो. त्यांचे आकडे अठरासारखे असतात, म्हणून ते शून्य होतात आणि चेहरा गुळगुळीत मेणासारखा होतो. भाजक आणखी वाढला की चौकोनात केवळ सरासरी उजेडच शिल्लक राहतो, आणि शेजारशेजारच्या चौकोनांच्या सरासऱ्या थोड्या वेगळ्या असल्याने त्यांच्या सीमा दिसू लागतात. हेच ते हवेतले चौकोन. एच.२६४ आणि त्यानंतरच्या कोडेकमध्ये या सीमा पुसट करणारी गाळणी असते, तिच्यामुळे चौकोन कमी दिसतात पण त्यांच्या जागी धूसरपणा येतो.

रंगाची गोष्ट थोडी वेगळी आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही. म्हणून जवळजवळ सर्व व्हिडिओंमध्ये उजेड आणि रंग वेगळे करून, उजेड प्रत्येक पिक्सेलसाठी आणि रंग मात्र दोन बाय दोनच्या चार पिक्सेलांमागे एकदाच लिहिला जातो. एवढ्यानेच मूळचा निम्मा भार उतरतो आणि माणसांच्या, निसर्गाच्या चित्रात काही कमी पडल्याचे सहसा जाणवत नाही. परंतु निळ्या पाटीवरची लाल अक्षरे, जरीची बारीक वेलबुट्टी किंवा गडद फेट्याच्या कडेला बसलेली हळद यांसारख्या ठिकाणी, जिथे रंगच कड ठरवतो, तिथे ती कड फुटकी किंवा ओघळलेली दिसते. बिटरेट वाढवून हा दोष पूर्णपणे जात नाही, कारण रंगाची नोंद कॅमेऱ्यातच विरळ झालेली असते.

मग नवा कोडेक घेतला तर? एमपेग-१ या सुरुवातीच्या कोडेकला १९९३ मध्ये प्रमाणाचे रूप मिळाले आणि त्यावरच व्हिडिओ सीडी उभी राहिली. एका चकतीवर सव्वा तासाच्या आत-बाहेरचे चित्रण मावत असल्याने आपल्याकडे एक चित्रपट किंवा नाटक दोन-तीन चकत्यांच्या संचात मिळत असे. तिचे रिझोल्यूशन ३५२ बाय २८८ एवढेच होते. डीव्हीडीने एमपेग-२ वापरला. २००३ मध्ये एच.२६४, २०१३ मध्ये एच.२६५ आणि २०२० मध्ये एच.२६६ आले. प्रत्येक नव्या पिढीचे उद्दिष्ट साधारणपणे तोच दर्जा निम्म्या बिटरेटमध्ये देण्याचे होते आणि अनुकूल चित्रणात ते बरेचसे साधलेही आहे. आयफोनच्या १३० आणि ६० एमबीमधला फरक हा एच.२६४ आणि एच.२६५ यांच्यातलाच फरक आहे. पेटंटचे शुल्क टाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन केलेला एव्ही१ हा कोडेक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच शर्यतीत आहे.

नव्या कोडेकांनी नवे मूलतत्त्व आणले असे नाही. चौकोन, सरकवणे, गणित, भाजक ही चौकट तीच आहे. पर्याय मात्र वाढले. एच.२६४ मध्ये १६ पिक्सेलचा असलेला मूळ चौकोन एच.२६५ मध्ये ६४ पर्यंत आणि एच.२६६ व एव्ही१ मध्ये १२८ पर्यंत वाढवता येतो, त्यामुळे निरभ्र आकाशाचा मोठा तुकडा एकाच सूचनेत लिहिता येतो आणि गुंतागुंतीच्या जागी तोच चौकोन हवा तसा लहान लहान चिरता येतो. आधीच्या फ्रेमऐवजी त्याच फ्रेममधल्या शेजारच्या पिक्सेलांवरून चौकोनातला रंग ताणण्याच्या रीती एच.२६४ च्या लहान चौकोनांसाठी ९ होत्या, त्या एच.२६५ मध्ये ३५ आणि एच.२६६ मध्ये ६७ झाल्या. एवढे पर्याय तपासून त्यांतला स्वस्त पडणारा निवडायचा तर संगणकाला कितीतरी अधिक कष्ट पडतात. म्हणूनच एकच कोडेक ‘जलद’ आणि ‘संथ’ अशा दोन रीतींनी चालवला तर सारख्याच आकाराच्या फाइलींचा दर्जा वेगळा येतो. मोबाइलला चित्रण चालू असतानाच, सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने निर्णय घ्यावे लागतात. संगणकावर रात्रभर वेळ देता येतो, आणि हा वेळ म्हणजे फुकट मिळणारा दर्जा आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

भंडाऱ्यासारख्या दृश्यात मात्र नव्या कोडेककडून निम्म्याची अपेक्षा ठेवू नये. त्याचे नवे पर्याय दृश्यातली शिस्त शोधण्यासाठी आहेत आणि जिथे शिस्तच कमी आहे तिथे नफाही आटतो. या बाबतीत एव्ही१ मधली एक सोय विचार करायला लावते. चित्रपटाच्या जुन्या फितीवरचा दाणेदारपणा हाही असाच बेशिस्त तपशील असल्याने तो आधी काढून टाकायचा, केवळ त्याचे वर्णन फाइलमध्ये ठेवायचे आणि दाखवताना तसेच दिसणारे नवे दाणे चित्रावर पसरायचे, अशी ती युक्ती आहे. फितीच्या दाण्यांपुरती ती मला योग्य वाटते, कारण तिथला कोणता दाणा कुठे होता याला महत्त्व नसते. उधळलेल्या भंडाऱ्याचा प्रत्येक कण मात्र घडलेल्या प्रसंगाचा भाग आहे, तो कल्पनेने भरून चालणार नाही.

कमी उजेडातही असेच घडते, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. दसऱ्याच्या रात्री पालखीचे चित्रण करताना मोबाइलचा सेन्सर अंधारात धडपडतो आणि चित्रभर सूक्ष्म ठिपके वळवळू लागतात. हे ठिपके दृश्यात नसतात, तरी कोडेकला ते नवा मजकूरच वाटतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये ते वेगळ्या जागी असल्याने त्यांच्यावर बिट खर्च होत राहतात. हातातला मोबाइल हलत असेल तर भिंतीसारखे स्थिर भागही सरकू लागतात. कॅमेरा कठड्याला किंवा खांबाला टेकवला आणि थोड्या अधिक उजेडाची जागा निवडली, तर त्याच बिटरेटमध्ये चेहऱ्यांच्या वाट्याला अधिक बिट येतात. याउलट १०८० ऐवजी फोर-के रिझोल्यूशन निवडले आणि बिटरेट तेवढाच राहिला, तर चौपट पिक्सेलांत तेच बिट वाटले जातात आणि अशा दृश्यात चित्र सुधारण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता जास्त असते. खोक्यावर छापलेला रिझोल्यूशनचा आकडा दर्जाविषयी एकट्याने फार थोडे सांगतो.

चित्रण पुढे पाठवताना होणारे नुकसान प्रत्येक टप्प्यावर साठत जाते. ॲप व्हिडिओ घेते, उलगडते आणि स्वतःच्या मर्यादेत पुन्हा लिहिते. दुसऱ्या वेळी कोडेकला मूळ दृश्य दिसत नाही, पहिल्या वेळचे चौकोन आणि धूसरपणा दिसतो, आणि त्या दोषांनाही चित्राचा भाग समजून तो त्यांच्यावर बिट खर्च करतो. गावच्या ग्रुपवरून उतरवलेली, संपादित करून पुन्हा चढवलेली आणि तिथून आणखी कुणी उतरवलेली प्रत याच कारणाने इतकी मलूल दिसते. व्हिडिओ म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून जोडला, किंवा पेनड्राइव्हवर दिला, तर फाइल जशीच्या तशी पोहोचते. मिनिटाला ६० एमबी या हिशेबाने एका तासाला ३.६ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर सतरा तासांच्या आसपास मूळ चित्रण राहू शकते. देवस्थानाच्या, कुटुंबाच्या किंवा नाट्यसंस्थेच्या संग्रहासाठी मूळ फाइल टाकून लहान केलेली प्रत जपणे हा मला अतिशय चुकीचा व्यवहार वाटतो.

लहान प्रत हवीच असेल, तर ती स्वतः करावी. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. त्यात बिटरेटचा आकडा ठरवण्याऐवजी ‘स्थिर दर्जा’ हा पर्याय निवडावा. यात भाजक साधारण सारखा राहतो आणि फाइलचा आकार दृश्याच्या अवघडपणानुसार ठरतो, म्हणजे व्याख्यान आपोआप लहान होते आणि भंडाऱ्याला लागेल तेवढी जागा मिळते. एच.२६४ लिहिणाऱ्या एक्स२६४ या सॉफ्टवेअरमध्ये या दर्जाचा ठरीव आकडा २३ आहे. तो सहाने कमी केला तर फाइल ढोबळमानाने दुप्पट होते आणि सहाने वाढवला तर निम्मी. कोणता आकडा पुरेल हे ठरवताना संपूर्ण चित्रणावर प्रयोग करण्याची गरज नाही, आणि पालखी निघण्याआधीच्या शांत भागावर तर मुळीच करू नये, कारण तिथे सगळेच आकडे चांगले दिसतात. उधळण सर्वांत दाट असलेले दहा सेकंद कापून घ्यावेत, त्यांच्या १८, २३ आणि २८ या आकड्यांवर तीन प्रती कराव्यात, त्या मोबाइलऐवजी मोठ्या पडद्यावर पाहाव्यात आणि हळदीमागचा एखादा ओळखीचा चेहरा कोणत्या प्रतीपर्यंत ओळखू येतो, ते पाहून आकडा नक्की करावा.